चीनमधील एका शाळेत पाच आठवडे

शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपले अनुभव लिहून पाठवावेत, असे आवाहन आले, तेव्हा आम्ही तिघांनी मिळून हा लेख लिहिण्याचे ठरविले. आम्ही तिघेही याच शाळेच्या वसतिगृहात वाढलो आणि पुढे वेगवेगळ्या गावी शिक्षक झालो. २०१८ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही चीनमधील एका प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून गेलो होतो. तेथील मुलांना संभाषणाचे इंग्रजी शिकविणे, एवढेच आमचे काम होते. मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे जेमतेम पाच आठवडे आम्ही तेथे राहिलो. परदेशप्रवासाचे वर्णन करण्याचा हेतू येथे नाही. भाषा शिकविताना जे कळले आणि जे आपल्या शाळेच्याही उपयोगी पडेल असे वाटते, ते सांगावे, एवढीच इच्छा आहे.

ती शाळा हेबेई प्रांतातील एका तालुकावजा गावात होती. बीजिंगच्या दक्षिणेला पसरलेला हा सपाट, गव्हाचा मुलूख. जूनच्या सुरुवातीला गव्हाची कापणी होते आणि लगेच त्याच शेतात मका पेरला जातो. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला धान्य वाळत पसरलेले असे आणि मुले शाळा सुटताच आजी-आजोबांच्या मदतीला जात. शाळेचा दिनक्रम आम्हांला परका वाटला नाही. सोमवारी सकाळी ध्वजारोहण, गळ्यात लाल रुमाल बांधलेली मुले, पाळीपाळीने वर्ग झाडणे, दुपारच्या जेवणात वाफवलेले पाव आणि भाजी, नंतर थोडी सक्तीची वामकुक्षी. दिवसातून दोनदा ध्वनिक्षेपकावर संगीत सुरू होई आणि सारी शाळा डोळे मिटून, भुवयांभोवती बोटे दाबून डोळ्यांचा व्यायाम करी. वर्गात शिक्षक शिरताच मुले उभी राहून एका सुरात ‘लाओशी हाओ’ म्हणत, म्हणजे ‘गुरुजी, नमस्कार’. पहिल्या दिवशी तो घोष ऐकून आम्हां तिघांनाही आपल्या शाळेचे सभागृह आठवले.

पाचवीच्या एका वर्गात ४८ मुले होती. चीनमध्ये साधारणपणे तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवितात. त्यामुळे या मुलांना ते नवे नव्हते. ‘हाऊ आर यू?’ असे विचारताच ४८ कंठांतून ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ असे खणखणीत उत्तर येई. परंतु एखाद्या मुलाला एकट्याला उभे करून ‘काल काय केलेस?’ असे विचारले, की वर्गात शांतता पसरे. मुले हुशार होती, मेहनती होती. तरीही असे का व्हावे?

याची काही कारणे साध्या हिशेबात आहेत. तास ४० मिनिटांचा. शिक्षकाने एकेका मुलाशी बोलायचे ठरविले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० सेकंद येतात. त्याऐवजी मुलांनी दहा मिनिटे जोडीजोडीने बोलावे, असे केले तर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. म्हणून आम्ही जोड्या केल्या. दोघांच्या हाती एकाच बाजाराची दोन चित्रे दिली. एका चित्रात जे होते, ते दुसऱ्यात नव्हते. चित्र लपवून, प्रश्न विचारूनच फरक शोधायचा. वर्गात गोंगाट झाला, पण तो इंग्रजीचा गोंगाट होता.

दुसरे कारण उच्चारांचे. चिनी मुले पहिलीतच ‘पिनयिन’ शिकतात. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची ही पद्धत १९५८ मध्ये स्वीकारली गेली. त्यामुळे रोमन अक्षरे मुलांच्या ओळखीची असतात, पण त्यांचे ध्वनी निराळे असतात. इंग्रजीतील ‘सी’ हे अक्षर पिनयिनमध्ये ‘त्स’सारखे वाचतात आणि ‘क्यू’ हे ‘छ’सारखे. ‘ती’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘शी’ रोमन अक्षरांत जसा लिहितात, तशीच अक्षरे चिनी भाषेत ‘साप’ या शब्दाची आहेत. मुले फळ्याकडे पाहून का हसतात, ते आम्हांला तेथील शिक्षिकेने समजावून सांगितले.

येथे आपली देवनागरी आमच्या मदतीला आली. चिनी भाषेत ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ हा भेद मराठीसारखाच श्वासाच्या जोरावर होतो. चीनच्या राजधानीचे नाव रोमन लिपीत ‘ब’ने लिहितात, पण तेथील लोक ते जवळजवळ ‘पेइचिंग’ असे उच्चारतात. ‘चाक’मधला ‘च’ आणि ‘चिंच’मधला ‘च’ यांतील फरक ज्याच्या जिभेवर आहे, त्याला चिनी भाषेतील तसाच फरक चटकन जमतो. मुलांची नावे नीट उच्चारता आली, हा आमचा पहिला विजय म्हणावा लागेल. उलट इंग्रजीतील दोन ‘व’ त्यांना जड जात आणि मराठीतही दोहोंसाठी ‘व’ हे एकच अक्षर असल्याने त्यांची अडचण आम्हांला आतून कळत होती. लहान आरसे आणून आम्ही मुलांना दाखविले, की ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि ‘वेल’ म्हणताना ओठ गोल होतात. मुले घरी जाऊन आजीलाही आरशात ‘व्हेरी’ म्हणायला लावीत.

आईविषयी बोलताना ती ‘ही’ म्हणत आणि भावाविषयी बोलताना ‘शी’ म्हणत. हा निष्काळजीपणा नव्हता. चिनी बोलीत तो, ती, ते या तिघांसाठीही ‘ता’ हा एकच उच्चार आहे. भेद दिसतो तो फक्त लिहिताना. नात्यांच्या बाबतीत मात्र चिनी आणि मराठी एकमेकींच्या शेजारणी वाटाव्यात इतक्या जवळ आहेत. आत्या म्हणजे ‘गूगू’, मामा म्हणजे ‘ज्योज्यो’, वडिलांची आई ‘नायनाय’ आणि आईची आई ‘लाओलाओ’. दादा, ताई, धाकटा भाऊ, धाकटी बहीण यांना स्वतंत्र शब्द. इंग्रजीत काका, मामा या साऱ्यांना मिळून ‘अंकल’ हा एकच शब्द आहे, हे ऐकून एका मुलाने फार गंभीरपणे विचारले, की मग त्या लोकांना कोण आले ते कळते कसे? मराठीतही या प्रत्येक नात्याला वेगळे नाव आहे, हे सांगितल्यावर वर्गाने टाळ्या वाजविल्या.

पालकसभेत मात्र आमची परीक्षा होती. सभेला बहुतेक आजी-आजोबाच आले होते. एका आजोबांनी आदराने, पण स्पष्टपणे विचारले, ‘इंग्रजी तर इंग्रजांची भाषा. ती तुम्ही भारतीय लोक आमच्या नातवंडांना कशी शिकविणार?’ प्रश्न रास्त होता आणि दुभाष्यामार्फत आम्ही त्यांना उत्तर दिले. इंग्रजी आम्हांलाही जन्माने मिळाली नाही. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत, एका शब्दकोशाभोवती दहा जण बसून आम्ही ती मिळविली. मराठीतून इंग्रजीकडे जाणाऱ्या वाटेवर कोठे ठेच लागते, ते आम्हांला ठाऊक आहे. म्हणून तुमच्या मुलांनाही कोठे ठेच लागेल, ते आम्हांला दिसते. आजोबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नातवाबरोबर भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगांची पिशवी पाठविली.

आजी-आजोबाच का आले होते, हे पुढे उमगले. चीनमध्ये कामासाठी दूर शहरात गेलेल्या आईवडिलांची मुले खेड्यात मागे राहतात. आई आणि वडील दोघेही दूर आहेत, अशा ग्रामीण मुलांची संख्या २०१६ च्या सरकारी गणनेत सुमारे ९० लाख होती. आमच्या वर्गातही अशी मुले होती आणि इंग्रजीच्या पाठात प्रश्न होता, ‘सुट्टीच्या दिवशी तू काय करतोस?’ त्याचे पुस्तकी उत्तर होते, ‘मी आईवडिलांबरोबर बागेत जातो.’ सारा वर्ग हे उत्तर एका सुरात, निर्दोष उच्चारांत म्हणत असे. ज्यांचे आईवडील वर्षातून एकदा, चिनी नववर्षाच्या सणालाच घरी येतात, ती मुलेही हेच म्हणत.

वसतिगृहात वाढलेल्या आम्हां तिघांना ते वाक्य ऐकवेना. आमच्याही लहानपणी ‘माझे घर’ या निबंधात अंगण, तुळस आणि झोपाळा असे. ते अंगण आमच्यापैकी कोणाच्याच घरी नव्हते; तरी गुण मिळत म्हणून आम्ही ते लिहीत होतो. परक्या भाषेत शिकलेले पहिलेच वाक्य स्वतःविषयी खोटे असेल, तर ती भाषा मुलाच्या ओठांवर राहते, पोटात उतरत नाही. संभाषणासाठी सांगण्याजोगे काही तरी हवे आणि ते खरे हवे.

तेथील इंग्रजीच्या शिक्षिकेशी आम्ही हे बोललो. त्यांची अडचण खरी होती. सत्र संपताना लेखी परीक्षा होती आणि तीत पुस्तकातील उत्तरालाच गुण होते. आम्ही पाच आठवड्यांनी निघून जाणार होतो. निकालाला तोंड त्यांना द्यायचे होते. अखेर असे ठरले, की ३० मिनिटे पुस्तक आणि शेवटची दहा मिनिटे ‘खरी वाक्ये’. या दहा मिनिटांत व्याकरणाची चूक झाली तरी थांबवायचे नाही. फक्त जे सांगायचे, ते खरे असावे.

पहिले तीन दिवस कोंबड्या, गहू आणि बास्केटबॉल यांची वाक्ये आली. चौथ्या दिवशी, तोवर कधीच न बोललेली एक मुलगी आपण होऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘ऑन संडे, आय वेट फॉर द फोन.’ वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, ‘हू कॉल्स?’ हा प्रश्न त्याला कोणी शिकविला नव्हता. उत्तर माहीत नव्हते, म्हणून तो विचारीत होता. ती म्हणाली, ‘माय मदर. ही...’ मग थांबली आणि स्वतःच म्हणाली, ‘शी इज इन त्यानजिन.’ मुलगा म्हणाला, ‘माय फादर, टू.’ आम्ही कोणीही काही बोललो नाही. संभाषण म्हणतात ते हेच, आणि ते आमच्याशिवाय चालले होते.

एका रविवारी आम्ही प्रांताच्या राजधानीत, शिजियाझुआंग येथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या समाधीला वंदन करण्यास गेलो. सोलापूरचा हा तरुण १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तेथेच राहिले, चिनी भाषा शिकले, जखमी सैनिकांवर उपचार करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेथील लोक त्यांना ‘के दीहुआ’ या नावाने ओळखतात. त्यांच्या मुलाचे नाव ‘यिनहुआ’ होते. त्यातील ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्यांच्या चार वर्षांपुढे आमचे पाच आठवडे काहीच नव्हेत. परंतु एक गोष्ट तेथे मनाशी पक्की झाली : सेवेला जाणाऱ्याने आधी त्या माणसांची भाषा शिकावी. त्या दिवसापासून आम्ही रोज दहा चिनी शब्द मुलांकडून शिकू लागलो. आमचे उच्चार ऐकून मुले पोट धरून हसत आणि त्यानंतर इंग्रजी बोलण्याची त्यांची भीड आपोआप कमी होई.

मुलांच्या लेखी आम्ही मात्र वेगळ्याच वाटेने आलो होतो. वानरराज सुन वुखोंगची गोष्ट तेथे प्रत्येक मुलाला पाठ असते. त्या गोष्टीतील भिक्खू ज्या पश्चिमेच्या देशी ग्रंथ आणण्यास जातो, तो आपला भारत. ‘तुम्ही ग्रंथ परत न्यायला आलात का?’ असे एकाने विचारले. या कथेमागील खरे भिक्खू ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रातही येऊन गेले होते, हे आम्ही त्याला सांगितले. ते नालंदेत राहिले, संस्कृतात पारंगत झाले आणि परत गेल्यावर उरलेले आयुष्य त्यांनी ग्रंथांचे आपल्या लोकांच्या भाषेत भाषांतर करण्यात वेचले. परकी भाषा शिकावी ती आपल्या माणसांच्या उपयोगी पडण्यासाठी, हा धडा त्यांच्या चरित्रात आहे.

पाच आठवड्यांत काय साधले, हे मोजूनमापून सांगणे आवश्यक आहे. मुले अस्खलित इंग्रजी बोलू लागली नाहीत. थोड्या काळासाठी येणाऱ्या स्वयंसेवकांविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की ते मुलांना लळा लावून निघून जातात. ज्या मुलांचे आईवडील आधीच दूर आहेत, त्यांच्या बाबतीत तर तो फारच खरा आहे. म्हणूनच आम्ही निघण्याचा दिवस पहिल्याच आठवड्यात मुलांना दिनदर्शिकेवर दाखविला होता आणि प्रत्येक तास तेथील शिक्षिकेबरोबरच घेतला होता. टिकायचे असेल ते त्यांच्या हातून टिकेल, हे आम्ही जाणून होतो. वर्षअखेरीस त्यांचा निरोप आला. एका वर्गात ‘खरी वाक्ये’ चालू होती; दुसऱ्या वर्गात परीक्षेच्या तयारीसाठी ती बंद करावी लागली होती. निम्मे टिकले, यात आम्हांला समाधान आहे.

स्मरणिका वाचणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एक विनंती आहे. आपल्या वसतिगृहातील मुलांनाही इंग्रजी येते. अडते ते बोलण्यापाशी. आपल्यापैकी जे जवळपासच्या गावी राहतात, त्यांनी महिन्यातून एक रविवार या मुलांसाठी द्यावा. त्यासाठी परदेशी जाण्याची किंवा मोठ्या पदवीची गरज नाही. मुलांना जोडीने बसवावे, त्यांच्या गावाविषयी, आजीविषयी, मेसमधील वरणाविषयी विचारावे आणि चूक झाली तरी वाक्य पूर्ण होऊ द्यावे. विचारणाऱ्याला उत्तर खरोखरच जाणून घ्यायचे आहे, असे दिसले, की मूल बोलते. आमच्यापैकी एकीने आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे पुढील सत्रातील दोन रविवारांसाठी नाव नोंदविले आहे. इतरांच्या नावांसाठी त्या वहीत पुष्कळ जागा आहे.