उचल आधी, शिष्यवृत्ती नंतर

संपादकांनी लेख मागताना बजावलं, "शिष्यवृत्त्यांवर लिहा, पण आकडे कमी, आणि योजनांची यादी अजिबात नको." मी हो म्हणाले. पहिली अट पाळली जाणार नाही, हे इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर त्यांनाही ठाऊक असावं.

माझा विषय तसा चिंचोळा आहे. दहावी झाल्यापासून बारावी होईपर्यंत, म्हणजे सोळा ते अठरा या वयात, गरीब घरातल्या मुलामुलींनी शिकत राहावं म्हणून सरकार जो पैसा देतं, त्याचा प्रवास मी तपासते. तो पैसा किती, यावर सगळे बोलतात. कुणाला, यावर भांडतात. तो कोणत्या महिन्यात हातात पडतो, हे मात्र चर्चेत कुणी विचारत नाही. मला विचाराल तर निम्मं उत्तर तिथेच आहे.

गेल्या वर्षीचं एक प्रकरण डोक्यातून जात नाही. बीड जिल्ह्यातला मुलगा, अनुसूचित जातीचा, आईवडील ऊसतोडीला जाणारे. दहावीला एक्काहत्तर टक्के. तालुक्याच्या गावी अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला. रोज एसटीने ये-जा. विद्यार्थी पासात सवलत असली तरी एक तृतीयांश भाडं भरावंच लागतं. ऑगस्टमध्ये त्याने भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. आधारवर वडिलांचं नाव एका तऱ्हेने, उत्पन्नाच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने, म्हणून अर्ज 'सेंट बॅक' झाला. मग सेतू केंद्र, तहसील, दुरुस्ती, पुन्हा कॉलेजातल्या क्लार्कचं लॉगिन, मग प्राचार्यांचं. या फेऱ्या चालू असतानाच, गणपतीच्या सुमाराला, मुकादम, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा कंत्राटदार, घरी आला. वडिलांची उचल, म्हणजे हंगामाआधी हातात पडणारी आगाऊ रक्कम, ठरलेलीच होती. पोरगा अर्धा कोयता, म्हणजे जोडीविना एकटा मजूर, म्हणून आला तर चाळीस हजार जास्त, आणि तेही आत्ता, रोख. दसऱ्यानंतर ट्रक निघाला त्यात पोरगा होता.

शिष्यवृत्ती मंजूर झाली, बरं का. पुढच्या पावसाळ्यात २,५०० रुपये त्याच्या खात्यात आले. त्याला अकरावी सोडून तोवर आठ-नऊ महिने झाले होते. अहवालात तो 'लाभ वितरित' या रकान्यात आहे. माझ्या क्षेत्रातली आकडेवारी वाचताना हा रकाना भरलेला दिसला की मी खूश व्हायचं सोडून दिलं आहे. (या योजनेला पंचाहत्तर टक्के उपस्थिती लागते. ती त्याची कशी भरली, हे मी कॉलेजात विचारलं नाही.)

आता ते २,५०० रुपये. ही योजना स्वातंत्र्याच्याही आधीची, १९४४ची, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते त्या काळातली. जगात इतकी जुनी आणि इतकी मोठी योजना शोधून सापडणं कठीण, आणि तिच्या जोरावर उभ्या राहिलेल्या पिढ्या आपण पाहिल्या आहेत. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर फी माफ, शिवाय निर्वाहासाठी भत्ता. अभ्यासक्रमांचे चार गट आहेत, अकरावी-बारावी शेवटच्या गटात. २०१०च्या दरांप्रमाणे घरून ये-जा करणाऱ्या मुलाला महिन्याला २३० रुपये, दहा महिने. म्हणजे वर्षाला २,३००. दहा वर्षांनी दर सुधारले तेव्हा वर्षाला २,५०० झाले. दशकभरात दोनशे रुपयांची वाढ. वसतिगृहात राहणाऱ्याला ४,०००.

डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेला पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी मंजूर केले, त्यात केंद्राचा वाटा साठ टक्के. त्याआधीचं वाटपाचं सूत्र विचित्र होतं. पंचवार्षिक योजनेच्या अखेरच्या वर्षी राज्याचा जेवढा खर्च झाला असेल तेवढा बोजा पुढे राज्याने कायमचा वाहायचा आणि केंद्राने फक्त त्यावरचा खर्च द्यायचा; म्हणजे योजना जितकी जुनी होत जाईल तितका केंद्राचा हात... असो. हा माझा आवडता प्रांत आहे आणि इथे शिरले तर लेख संपणार नाही. वाचकाला उपयोगाचं एवढंच, की आता राज्याने आपला वाटा दिल्याची खात्री झाल्यावर केंद्राचा वाटा मुलाच्या खात्यात जातो. कागदावर हे चोख आहे. मुलाच्या बाजूने पाहिलं तर एका उशिरावर दुसरा उशीर चढतो.

कायदाही या वयात हात आखडता घेतो. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंत, आठवीपर्यंत. बालमजुरीच्या कायद्याची पूर्ण बंदीही चौदापर्यंतच. पुढे अठरापर्यंत फक्त धोकादायक कामांना मनाई. म्हणजे सोळाव्या वर्षी मुलाला कॉलेजात धरून ठेवणारा कायदा नाही. धरून ठेवायचं तर पैशानेच.

इथे मला इंग्लंडमध्ये जावं लागतं. माझे सहकारी यावरून माझी थट्टा करतात, पण या वादाइतका उद्बोधक वाद आमच्या क्षेत्रात दुसरा झालेला नाही. तिथे १९९९पासून काही भागांत प्रयोग करून २००४मध्ये देशभर 'एज्युकेशन मेंटेनन्स अलाउन्स' लागू झाला. सोळाव्या वर्षानंतर शिकत राहणाऱ्या गरीब घरातल्या मुलांना आठवड्याला दहा, वीस किंवा तीस पौंड. दर आठवड्याला, थेट मुलाच्या खात्यात. वर्गात दांडी मारली की त्या आठवड्याचे पैसे नाहीत. प्रयोगाच्या काळात काही ठिकाणी आईबापांकडे पैसे देऊन पाहिले होते. देशभर नेताना मुलाच्याच हाती द्यायचं ठरलं.

परिणाम मोजला इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने. भत्त्याला पात्र असलेल्या सोळा वर्षांच्या मुलांत शिकत राहणाऱ्यांचं प्रमाण ६५ टक्क्यांवरून ६९ वर गेलं, सतरा वर्षांच्या मुलांत ५४वरून ६१वर. मग २०१०मध्ये सरकार बदललं, काटकसर सुरू झाली आणि एका पाहणीतला आकडा पुढे आला: भत्ता घेणाऱ्यांपैकी फक्त १२ टक्के म्हणाले की तो नसता तर आम्ही शिकलो नसतो. मंत्र्यांनी हिशेब मांडला, की उरलेले ८८ टक्के तसेही शिकलेच असते, त्यांच्यावरचा पैसा वाया. वर्षाला सुमारे ५६ कोटी पौंडांची योजना इंग्लंडात बंद झाली, तिच्या जागी कॉलेजांच्या मर्जीने वाटायचा १८ कोटींचा निधी आला. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडने भत्ता ठेवला. वेल्सने तर २०२३मध्ये तीसचे चाळीस पौंड केले.

तो ८८ टक्क्यांचा युक्तिवाद मला आपल्याकडच्या बैठकांतही ऐकू येतो, म्हणून जरा उलगडून सांगते. शंभर पात्र मुलांतली पासष्ट मुलं भत्त्याविना राहिली असती, भत्त्यामुळे एकोणसत्तर राहिली. पैसे एकोणसत्तरांना द्यावे लागले, आणि नवी मिळाली चार. हे ऐकून कुणालाही वाटेल, त्या चौघांनाच शोधून द्या ना! पण ते चौघे कपाळावर चिठ्ठी लावून येत नाहीत. 'पैसे मिळाले नाहीत तर कॉलेज सोडशील का', असा प्रश्न अर्जात घातलात तर सगळे 'हो' लिहितील. आणि पासष्टांचे पैसे वाया गेले म्हणजे काय झालं? मुलगा तसाही शिकलाच असता हे खरं, पण आपल्याकडे तो कशावर शिकतो? घरातली शेळी विकून, किंवा पाठच्या बहिणीला आठवीतून काढून. तो खर्च कुणाच्या ताळेबंदात येत नाही. शिवाय वरचे आकडे पुन्हा पाहा. सतराव्या वर्षी परिणाम जास्त आहे. नुसता प्रवेश घेणं एक, दुसरं वर्ष गाठणं वेगळं. पैसा दुसऱ्यासाठी जास्त लागतो. त्याच संस्थेने असंही दाखवलं की इतका 'वाया' गेलेला पैसा धरूनही, या मुलांना पुढे मिळणाऱ्या जादा पगारातून खर्च भरून निघण्याची शक्यता होती. वर्तमानपत्रांत छापून आला तो १२चा आकडाच.

दुसरा प्रयोग कोलंबियाची राजधानी बोगोटातला, २००५चा. काही मुलांना दर दोन महिन्यांनी ठरलेली रक्कम दिली. काहींना त्यातली दोन तृतीयांशच दिली आणि उरलेली साठवून पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या वेळी हातात ठेवली. एकूण रक्कम जवळपास तेवढीच. पुढच्या वर्षी वर्गात परतणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या गटात अधिक वाढलं. घरात निर्णय ज्या आठवड्यात होतो, त्या आठवड्यात पैसा घरात हवा. बीडच्या मुकादमाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

लोकांशी बोलताना मात्र गाडी दोन स्थानकांपुढे जात नाही. एक, "हुशार मुलांना द्या." हुशारांसाठी योजना आहेत आणि असाव्यात. आठवीत परीक्षा घेऊन निवडलेल्यांना केंद्र बारावीपर्यंत वर्षाला १२,००० देतं, दहावीला पंचाहत्तर टक्के मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांना राज्य राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने महिना ३०० देतं. पण गळतात ते पंचावन्न-साठ टक्केवाले, आणि आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाला त्यांच्याविषयी ममत्व वाटत नाही. दोन, "ही पोरं त्यात मोबाइल घेतात." घेतात काही. अर्जाचा ओटीपी मोबाइलवर येतो, अकरावीचा प्रवेश ऑनलाइन, कॉलेजची सूचना व्हॉट्सअॅपवर. आणखी काय घ्यावं त्यांनी?

वेळेवर पैसे देणं शासनाला जमत नाही, हेही मला कुणी सांगू नये. 'लाडकी बहीण'चे दरमहा १,५०० रुपये २०२४च्या जुलैपासून धरून कोट्यवधी खात्यांत गेले, आणि निवडणुकीआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आगाऊ जमा झाले. आगाऊ! त्याच वर्षी बारावी झालेल्या तरुणांना कार्यप्रशिक्षणासाठी महिना ६,००० रुपये जाहीर झाले. बारावी झालेल्याला महिन्याला सहा हजार, आणि बारावीपर्यंत पोचू पाहणाऱ्याला वर्षाला अडीच.

शंका मलाही आहेत, आणि सर्वात मोठी शंका पैशाबद्दलची नाही. समजा तो बीडचा मुलगा कॉलेजात राहिला असता, तर कशात? विज्ञान शाखेचे कितीतरी वर्ग नोंदवहीत भरतात; मुलं शहरातल्या शिकवणीत असतात किंवा कुठेच नसतात. इंग्लंडसारखा साप्ताहिक भत्ता हजेरीला जोडला तर हजेरीपटच सुंदर होतील, हे सांगायला संशोधन लागत नाही. म्हणून आपल्याकडे भत्ता रोजच्या हजेरीला बांधू नये असं माझं मत आहे. प्रवेशाला बांधावा, आणि बारावीच्या पुनःप्रवेशाला. यावर माझे काही मित्र नाराज आहेत.

प्रवेशाचा दिवस आता सगळ्या राज्यात संगणकाला कळतो. २०२५-२६पासून अकरावीचा केंद्रीय प्रवेश राज्यभर आहे. मुलाचं नाव, गुण, प्रवर्ग, कॉलेज सगळं सरकारकडे त्या क्षणी असतं. तेव्हाच निम्मा भत्ता द्या, दाखले मागाहून तपासा, असं टिपण मी एका बैठकीत मांडलं. रक्कमही वाढवा, हे ओघाने आलंच. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सरळ विचारलं, "बाई, आधी दिले आणि पोरगं पळालं, तर वसुली कुणाकडून?" मी म्हटलं, मुकादमाचीही उचल बुडते. दर हंगामात काही कोयते पैसे घेऊन येतच नाहीत, तरी पुढच्या वर्षी तो आधीच देतो, कारण न दिल्यास एकही कोयता मिळणार नाही. ते हसले. म्हणाले, "मुकादमाला कॅगला उत्तर द्यावं लागत नाही."

हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यामुळे टिपणाच्या नव्या मसुद्यात एक कलम वाढवलं आहे: पहिल्या हप्त्यातला काही भाग बुडणार हे धरूनच त्याची टक्केवारी आदेशात लिहावी आणि तेवढ्या रकमेसाठी कॉलेजच्या क्लार्कला किंवा मुलाच्या बापाला वसुलीची नोटीस जाऊ नये. टक्केवारी किती, यावर सध्या घासाघीस चालू आहे. मी दहा म्हणते, ते दोनवर अडलेत.