सुटलेला टाका

शनिवारी रात्री लेक मित्राचं जुनं हार्नेस घेऊन घरी आला. सकाळी फरिदाबादजवळ धौजच्या कातळावर चढाई होती. दिल्लीत उभा जन्म शिवणकाम केलेल्या आईनं ते दिव्याखाली धरलं. पट्टा उन्हानं विटलेला, मधल्या बिले लूपला लव फुटलेली, दोन टाके सुटलेले.

‘‘आई, एवढ्यानं काय होतंय?’’

‘‘टाका सुटला की शिवण किती टिकते, ते मला विचार.’’

आईचं खरंच होतं. २००६ साली अमेरिकेत योसेमिटीला टॉड स्किनरसारखा कसलेला गिर्यारोहक झिजलेला बिले लूप तुटूनच दगावला.

लेक चिडला, पण चढायला गेला नाही. पुढे नवं हार्नेस आलं. मळलं की ते कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवायचं, सावलीत वाळवायचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ मात्र ठेवायचं नाही. आम्लानं नायलॉन कमजोर होतं आणि वरून दिसतही नाही. खरेदीची तारीख आईनं वहीत लिहून ठेवली आहे. फारसं वापरलं नाही, तरी १० वर्षांनी ते बादच.

आता कातळाखाली तो आधी बक्कल, मग दोराची गाठ तपासतो आणि जोडीदाराला म्हणतो, ‘‘माझंही बघ रे एकदा.’’