समुद्राच्या तारखा

आमच्याकडे कुठं जायचं ठरलं की आधी धानाला विचारावं लागतं. आषाढात परे आणि रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणी, मग खरेदी केंद्रावरची रांग. तेवढ्यात मंडईच्या जत्रा सुरू होतात, गावोगाव रात्रभराची नाटकं लागतात आणि पाहुण्यांनी घर भरून जातं. त्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणजे दुसरं वेळापत्रक सरकारचं. मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा होणार होता आणि त्याला समुद्रात डोकं घालून प्रवाळ बघायचे होते. मला जंगल बघायचं होतं. मे महिन्यात ज्याची पानं गळून पडत नाहीत असं जंगल. नवेगाव बांधचं राष्ट्रीय उद्यान ज्या तालुक्यात आहे, तिथल्या बाईनं जंगल पाहायला परमुलुखात जावं, यावर आमच्या स्टाफरूममध्ये बराच वेळ मौज चालली.

पहिलं नाव निघालं मालवणचं. आपल्याच राज्यातला समुद्र, १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात प्रवाळ, आणि वर घाट चढून गेलं की आंबोली. कागदावर सगळं जुळत होतं. पण तारखा लावायला बसले तेव्हा गाडं अडलं. आंबोलीचं जंगल खऱ्या अर्थानं जागं होतं ते पावसात. बेडूक, धबधबे, झाडांच्या खोडांवरचं शेवाळ हे सगळं जुलै-ऑगस्टमधलं. त्याच महिन्यांत मालवणच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि समुद्र गढूळ, खवळलेला असतो. पाणी नितळ होतं ते थंडीत, तेव्हा आंबोली निवांत झालेली असते. शिवाय अंतर. आमच्या अर्जुनीहून नागपूर, तिथून कोल्हापूर आणि मग मालवण, असं करत हजारेक किलोमीटर होतात. महाराष्ट्राच्या नकाशात आम्ही पार पूर्वेच्या टोकाला; आमचा समुद्र नेमका कोणता, हे शाळेच्या भूगोलात कधी कोणी विचारलं नव्हतं.

नकाशा उलटीकडून पाहिला तेव्हा वेगळंच दिसलं. गोंदिया हे मुंबई-हावडा मुख्य मार्गावरचं स्टेशन. संध्याकाळी-रात्री गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी हावडा, तेही हजारेक किलोमीटरच. कोलकात्याहून विमानानं दोन-सव्वादोन तासांत अंदमान. म्हणजे जितक्या प्रवासात आम्ही मालवण गाठणार, तितक्यात बंगालच्या उपसागराच्या काठाशी पोहोचणार. आणि अंदमानात प्रवाळ नि सदाहरित जंगल एकमेकांना इतके चिकटून आहेत की झाडाची फांदी पाण्यावर आलेली असते.

मग तिथल्या तारखा पाहिल्या. नैर्ऋत्य मोसमी पाऊस भारतात सगळ्यांत आधी अंदमानातच पोहोचतो, साधारण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. तिथून पुढं ऑक्टोबरपर्यंत तो असतो, आणि तो जातो न जातो तोच परतीचा पाऊस आणि चक्रीवादळांचे दिवस. समुद्र शांत आणि नितळ मिळण्याचे महिने जानेवारी ते एप्रिल. तेव्हा शाळा चालू. दिवाळीची सुट्टी वादळांच्या दिवसांत आणि कापणीतही. उरला मे महिन्याचा पहिला पंधरवडा, शाळा बंद झाल्यापासून पाऊस तिथं उतरेपर्यंतचा. त्या वर्षी आमच्या बांध्यांना इटियाडोह धरणाचं उन्हाळी पाणी नव्हतं, त्यामुळं ह्यांनाही कापणीचं निमित्त उरलं नाही. तारखा अशा पक्क्या झाल्या. हॉटेल, तिकीट, सामान हे सगळं त्यानंतर.

सासूबाईंना यादी वाचून दाखवली. त्यात अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या एलिफंट बीचचं नाव आलं तशा त्या ताडकन म्हणाल्या, "तिकडं बी हत्तीच हायेत त मंग इतल्या दूर कायले जाता वं?" त्यांचं चूक नव्हतं. २०२२ मध्ये छत्तीसगड-गडचिरोलीकडून आलेला रानटी हत्तींचा कळप आमच्या तालुक्यात शिरला होता. धान तुडवलं, नागणडोहला घरं पाडली. तेव्हापासून आमच्या घरात हत्ती हा कौतुकाचा विषय राहिलेला नाही. मी त्यांना सांगितलं की तिथले हत्ती लाकूड ओढायला माणसांनी नेलेले होते. राजन नावाचा शेवटचा पोहणारा हत्ती २०१६ मध्ये गेला. "मंग नावच राह्यलं म्हना," म्हणाल्या, आणि यायला तयार झाल्या.

तयारीतला सगळ्यांत उपयोगी भाग घरीच झाला. स्नॉर्केलिंगला पोहता यायलाच हवं असं नसतं, जॅकेट असतं, वाटाड्या रिंग धरून ओढत नेतो. पण नाक बंद करून फक्त तोंडानं श्वास घेणं हे अंगवळणी पडलेलं नसतं. बहुतेक लोक तिथंच घाबरून उठतात. नागपूरहून मुखवटा आणि नळी आणवली आणि अंगणातल्या पाण्याच्या ड्रममध्ये तोंड घालून आम्ही आळीपाळीनं सराव केला. शेजारची पोरं कुंपणावर बसून बघायची. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुवायची, हेही तिथंच शिकलो.

मुलाला खरं शिकवलं ते आमच्याकडे मासोळी आणून देणाऱ्या काकांनी. ढिवर समाजातले, उभा जन्म तलावात गेलेला. ते म्हणाले, "पान्यात हातपाय मारू नको. पडून राय. मासोळी येते तुह्याकडं." आणखी एक सांगितलं: मासोळी शोधायची तर आधी झाडोरा शोध. आमच्या तालुक्यात ढिवर बायांनी तलावांमधली बेशरमाची झुडपं उपटून काढली आणि तळाशी पुन्हा पाणवनस्पती लावल्या, का, तर गावठी मासोळीला अंडी घालायला जागा राहिली नव्हती. काकांचं ते बोलणं मला एलिफंट बीचवर पाण्यात तोंड घातल्यावर समजलं. सांबरशिंगासारख्या फांद्यांच्या प्रवाळात बोटाएवढी पिल्लं हजारांनी लपलेली होती. दोन हात पुढं नुसती वाळू होती, तिथं एकही नाही. मुलगा काकांच्या सांगण्याप्रमाणं निपचित पडून होता. एक पोपटमासा त्याच्या नाकासमोर प्रवाळ कुरतडत राहिला, आणि त्याचा कटकट आवाज पाण्यातून स्पष्ट ऐकू येत होता.

काही प्रवाळ पांढुरके होते. वाटाड्या बंगाली तरुण. फाळणीनंतर हॅवलॉक आणि नील बेटांवर वसवलेल्या निर्वासितांच्या कुटुंबातला. त्यानं सांगितलं की पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं रंगीत शेवाळ टाकून देतो. पांढरा म्हणजे लगेच मेलेला नाही, आजारी. पाणी लवकर निवलं तर परत रंग येतो. नाही निवलं तर तपकिरी, केसाळ होऊन जातो. १९९८ मध्ये आणि २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं होतं. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेच दिवस. आम्ही ऊन चुकवायला समुद्रात आलो, तर समुद्रालाच ऊन लागलेलं.

वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचे नियम मला फार आवडले. १९८३ साली ते स्थापन झालं. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं पाळीनं उघडी ठेवतात: पावसाळ्यात रेड स्किन, बाकीच्या दिवसांत जॉली बॉय, म्हणजे प्रवाळाला विसावा. परवाना आधी काढायचा. सोमवारी बंद. बेटावर प्लास्टिक नेता येत नाही, म्हणून स्टीलच्या डब्यात दशम्या आणि चटणी नेली. इतर पर्यटक चिप्सची पाकिटं धक्क्यावर सोडून हळहळत होते तेव्हा सासूबाईंची मान जरा ताठ झाली. जिथं पोहायचं नाही तिथं त्या काचेच्या तळाच्या होडीत बसून खाली बघत राहिल्या. कोणत्या माशाची भाजी होईल यावर त्यांचं स्वतःचं मत होतं, ते त्यांनी मोठ्यानं सांगितलं.

किनाऱ्यावर पाण्यात उतरायचं ते वाटाड्या सांगेल तिथंच. २०१० मध्ये हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीला खाऱ्या पाण्यातल्या मगरीनं मारलं होतं. ही गोष्ट जाहिरातीत सापडत नाही. ती मी घरातल्या सगळ्यांना निघण्याआधीच सांगितली होती.

बाराटांगला मात्र गेलो नाही. चुनखडीच्या गुहा, चिखलाचे ज्वालामुखी, खारफुटीतली होडी असं सगळं तिथं आहे, आणि प्रत्येक दलाल तेच आधी विकतो. पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा पोलीस सोबत घेऊन निघतो, फोटो काढायला बंदी. हा रस्ता त्या जंगलात बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं होतं. गाडीवाला म्हणाला, "नशीब असेल तर दिसतात." नवेगावला जिप्सींची रांग लागते ती वाघासाठी. माणसं दिसावीत म्हणून रांगेत बसणं मला जमलं नसतं. मुलगा थोडा हिरमुसला, मग ते त्याला पटलं की नाही कुणास ठाऊक.

त्याऐवजी हॅवलॉकच्या रस्त्यावरून एलिफंट बीचला होडीनं न जाता जंगलातून चालत गेलो. मला जे पाहायचं होतं ते इथंच. आमच्या रानात त्या दिवसांत साग उघडाबोडका असतो, मोहफुलं वेचून झालेली असतात, तेंदूपत्त्याची तोडाई चालू असते, पायाखाली पाचोळा करकरतो. इथं पाचोळा ओला, त्याला आवाजच नाही. गुर्जनचे सरळसोट बुंधे वर जाऊन कुठं संपतात ते दिसेना. वेताचे काटेरी वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. ऊन जमिनीपर्यंत येतच नव्हतं. ह्यांनी बुंध्याशी थांबून माती हातात घेतली, चोळून पाहिली. "इथली झाडं कापली तर पहिल्या पावसात हे सगळं खाली जाईल," म्हणाले. खाली म्हणजे प्रवाळावर. मातीचा गाळ बसला की प्रवाळ गुदमरतो, त्याला उजेड मिळत नाही. हे ह्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पण ज्या कोहळी लोकांनी आमच्याकडे तीनशे वर्षांपूर्वी तलाव बांधले, त्यांच्याकडून चालत आलेलं शहाणपण हेच: तलावाच्या वरचं रान राखलं तर तलाव गाळानं भरत नाही.

वाट संपली तिथं वाळूवर मोठमोठी वाळलेली झाडं आडवी पडलेली होती, २००४ च्या त्सुनामीतली. त्यांच्यावर बसून आम्ही मुखवटे धुतले.

सेल्युलर जेललाही गेलो. त्याबद्दल मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे की मी भर घालत नाही. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजय पुरम झालं, पण रिक्षावाल्यापासून सासूबाईंपर्यंत सगळे जुनंच नाव घेतात.

परतल्यावर शाळेतल्या बाई विचारतात ते हॉटेल कोणतं, किती लागले. मी आधी विचारते, कधी जाणार? मुलाला आता तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंगचं रीतसर प्रशिक्षण घ्यायचं आहे. तिथला समुद्र पावसाळ्यानंतर उघडतो, नोव्हेंबरपासून पाणी नितळ होत जातं. दिवाळीची सुट्टी त्याच सुमारास. ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या आठवड्यापुढं पेनानं "कापणी" असं आधीच लिहून ठेवलं आहे. मुलानं त्याखाली पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं आहे. बोलणी चालू आहेत.