न वाजवलेल्या पाच तारा

इलेक्ट्रिक गिटार पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला धक्का बसतो तो तिच्या सुरांचा नव्हे, आपल्याच हातांचा. साध्या, पोकळ लाकडी गिटारवर वर्ष-दोन वर्षे घालवलेली असतात, चार गाणी बऱ्यापैकी वाजवता येऊ लागलेली असतात. मग एके दिवशी ही दुसरी गिटार अँपला जोडली जाते, डिस्टॉर्शनची कळ उजवीकडे फिरवली जाते, आणि खोलीत जो कल्लोळ उठतो त्यातून आपण वाजवलेला सूर कोणता हे शोधावे लागते. बोट तारेवरून सरकल्याची किरकिर, बोट उचलताना नकळत छेडली गेलेली तार, शेजारच्या तारेने आपणहून धरलेला हुंकार. हे सगळे आपण आधीही करीत होतोच. ऐकू येत नव्हते इतकेच.

कारण तसे साधे आहे. या गिटारमध्ये पोलादी तार थरथरते ती चुंबकांभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या बारीक वेटोळ्यासमोर. त्यातून निर्माण होणारा अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह अँप अनेक पटींनी वाढवतो. डिस्टॉर्शन त्यावर आणखी एक गोष्ट करते: मोठ्या आवाजाचे डोके छाटते. त्यामुळे लहान आवाज जवळजवळ त्याच्या बरोबरीला येऊन उभा राहतो. ठामपणे वाजवलेला सूर आणि बोटाची चुकार घसट यांच्यातले अंतर संपते. म्हणूनच सहा तारांपैकी एक वाजवायची तर उरलेल्या पाच गप्प ठेवणे हे निम्म्याहून अधिक काम असते. उजव्या तळहाताची कडा जाड तारांवर टेकवून ठेवायची. डावी तर्जनी ज्या तारेवर सूर दाबते तिच्या पलीकडच्या बारीक तारांना तिने पोटाने हलकेच शिवत राहायचे, दाबायचे मात्र नाही. ऐकणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, आणि कळू नये यासाठीच तर सारा खटाटोप.

शिकवणारे सांगतात, आधी डिस्टॉर्शन बंद करून वाजव, म्हणजे चुका समजतील. हे अर्धेच खरे आहे. बिनडिस्टॉर्शनच्या आवाजात आघातांचा असमानपणा उघडा पडतो, लवकर विझणारे सूर उघडे पडतात. डिस्टॉर्शन ते सारे मायेने झाकून घेते आणि त्याऐवजी तारांचा गोंगाट चव्हाट्यावर मांडते. म्हणजे मळ दोन प्रकारचा आहे आणि एका उजेडात दोन्ही दिसत नाहीत. हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षे लागली.

मी नव्वदच्या दशकात पुण्यात, कॅसेटींवरून आणि झेरॉक्स केलेल्या टॅबच्या कागदांवरून शिकलो. (टॅब म्हणजे कुठल्या तारेवर कितव्या फ्रेटला बोट ठेवायचे याचे नुसते आकडे. स्वरलिपी न येणाऱ्यांची ती बाराखडी.) यंग्वी माल्मस्टीनची 1984 ची ‘रायझिंग फोर्स’ एका मित्राकडून आणली होती ती परत केलीच नाही. त्या वेगात प्रत्येक सूर सुटा, मण्यासारखा ऐकू येतो, याने मी दिपून गेलो होतो. मेट्रोनोम साठावर लावायचा, एकही चूक न होता दहा वेळा वाजले की चौसष्टावर न्यायचा, पुन्हा दहा वेळा. दिवसभर कॉलेजात मराठीची पाठ्यपुस्तके आणि संध्याकाळी हे. शुद्धलेखनाच्या बाबतीत मी तेव्हाही कडक होतो. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की माझ्या हातातले पेन आपोआप उघडायचे. दोन्ही आवडींचे मूळ एकच असावे असा संशय मला तेव्हा आला नाही.

1998 साली आम्ही चौघांनी पैसे जमवून एका छोट्या स्टुडिओत तासाच्या बोलीवर एक गाणे ध्वनिमुद्रित केले. आठ ट्रॅकची टेप होती. चार ट्रॅक ड्रम्सनी खाल्ले, बेस, साथीची गिटार आणि आवाज यांना एकेक, आणि उरलेला आठवा माझ्या मित्राच्या सोलोसाठी. सोलो त्याचा, कारण कल्पकता त्याच्याकडे होती. साथ माझी, कारण मी चुकत नसे. त्याने पहिल्याच झटक्यात जे वाजवले त्याचे वर्णन करणे मला कठीण आहे. पंधराव्या फ्रेटवर तार ओढून एक सूर त्याला गाठायचा होता, तो ओलांडून तो पुढे गेला, क्षणभर तिथे लटकला आणि मग खाली आला. शेजारची एक तार त्या सबंध काळात मोकळी वाजत राहिली. ड्रम वाजवणारा हसला. चांगले काही ऐकले की माणूस हसतो तसे. मी म्हणालो, “परत घेऊ या. तार वाजलीय.”

तो म्हणाला, “वाजू दे की.”

मी ऐकले नाही. ट्रॅक एकच होता, म्हणजे नवे वाजवायचे तर आधीचे पुसूनच. दुसऱ्या खेपेपासून तो सांभाळून वाजवू लागला. सहावी खेप निर्दोष झाली. निर्दोष म्हणजे जवळजवळ. शेवटच्या सुराकडे जाताना बोट सरकल्याची एक बारीक किरकिर राहिली होती, पण तास संपला होता आणि पुढच्या तासाचे पैसे कोणाकडेच नव्हते. साधारण वर्षभराने त्याने गिटार सोडली. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही. त्याला नोकरी लागली होती, बंगळूरला जायचे होते. पण मी तो संबंध मनात जोडला आणि पुढली कित्येक वर्षे जपला.

त्या अपराधी भावनेतून मी दुसऱ्या टोकाला गेलो. या वाद्याचा इतिहास त्या टोकाला भरपूर रसद पुरवतो. मार्टी रॉबिन्सचे 1961 साली आलेले ‘डोन्ट वरी’ हे गाणे घ्या. नॅशव्हिलच्या स्टुडिओत ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बेसवर वाजवत असताना मिक्सिंगच्या यंत्रात बिघाड झाला आणि आवाज चिरफाळून, गुरगुरत बाहेर पडला. तो तसाच ठेवला गेला. मग लोक तो आवाज मागू लागले, तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने तो बिघाड हुकमी घडवून आणणारे सर्किट तयार केले आणि 1962 साली गिब्सनने ते ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. 1965 मध्ये कीथ रिचर्ड्सने त्यावर ‘सॅटिस्फॅक्शन’ची ती सुरावट वाजवली, तीही त्याच्या मनात कच्चा आराखडा म्हणून, तिथे पुढे ब्रासची वाद्ये घ्यायची होती. त्याही आधी, 1958 च्या ‘रंबल’साठी लिंक रे याने आपल्या अँपच्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली होती, आणि 1964 मध्ये ‘यू रिअली गॉट मी’साठी डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला. ज्या आवाजाला आपण आज ‘इलेक्ट्रिक गिटारचा आवाज’ म्हणतो तो मुळात नादुरुस्तीतून जन्मलेला आहे. मग अशा वाद्यावर सोवळे कसले पाळायचे?

हा युक्तिवाद मला फार सोयीचा होता. मेट्रोनोम कपाटात गेला. चुकलो की मी स्वतःला सांगे, यात जीव आहे. आता ‘यू रिअली गॉट मी’ पुन्हा ऐकताना जे आधी ऐकायला हवे होते ते ऐकू येते: स्पीकर फाटका आहे, पण ती दोन कॉर्डची झटक्याची जागा लयीत कशी खिळ्यासारखी बसली आहे! डेव्हिसने स्पीकर फाडला, ताल नव्हे. कोणती गोष्ट बिघडू द्यायची आणि कोणती नाही, हे त्याच्या कानाने ठरवले होते. थोडे विषयांतर होईल, पण 1972 च्या ‘गोलपिठा’नंतर आपल्याकडे नेमके हेच झाले असे मला वाटते. ढसाळांच्या ओळीतला खडबडीतपणा अनेकांनी उचलला; ती ओळ कुठे तोडायची आणि कुठे वाहू द्यायची याचा त्यांचा कान उचलणारे थोडे.

माझा भ्रम उतरवला तो माझ्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्याने. 2019 ची गोष्ट. तो उत्तम गिटार वाजवतो हे मला उशिरा कळले, मग तो अधूनमधून घरी येऊ लागला. एका संध्याकाळी मी एक जुना तुकडा तीन-चारदा वाजवून दाखवला आणि वर त्या अडखळण्याचे सौंदर्यशास्त्रही ऐकवले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, राग मानू नका, पण तुम्ही दर वेळी एकाच जागी अडखळता.”

राग आला. दोन दिवस होता. मग मी माझेच वादन मोबाइलवर मुद्रित करून ऐकले. तिसऱ्या तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना, नेमके तिथेच; माझी तर्जनी सूर सोडण्याची घाई करते आणि पलीकडची तार बोलून जाते. तिथे ना धाडस होते, ना जोखीम. होती ती सवय, आणि तिला मी इतकी वर्षे मोठमोठी नावे देत आलो होतो. विद्यार्थ्यांच्या निबंधात ‘आणि’चा णि प्रत्येक पानावर दीर्घ दिसतो तेव्हा ती लेखनशैली आहे असे मी कधी म्हटलेले नाही.

त्यानंतर जिमी पेज पुन्हा ऐकला. गचाळ वाजवणाऱ्या थोर वादकांची यादी निघाली की पहिले नाव हमखास त्याचे. पण 1966 साली यार्डबर्ड्समध्ये जाण्यापूर्वी तो लंडनच्या स्टुडिओंतला अतिशय मागणी असलेला भाडोत्री वादक होता. दुसऱ्याच्या गाण्यावर, घड्याळाकडे पाहत, सांगितले ते बिनचूक वाजवणे हीच त्याची रोजीरोटी होती. त्याला स्वच्छ वाजवता येत नव्हते, ही तक्रार टिकत नाही. ‘हार्टब्रेकर’मधला त्याचा बिनसाथीचा सोलो 1969 च्या तबकडीवर आहेच, पण 1971 चे बीबीसीवरचे वादन (प्रकाशन 1997) आणि 1972 चे कॅलिफोर्नियातले (प्रकाशन 2003) शेजारी ठेवून ऐकले तर तो दर वेळी वेगळ्या वाटेने जातो. 1972 मध्ये तर मध्येच बाखच्या एका बूरेचा तुकडा येतो, ज्याचा मूळ वादनात मागमूस नाही. तो अडखळतो, सूर गिळतो, बोटे एकमेकांत अडकतात. पण निरनिराळ्या जागी, कारण तो निरनिराळ्या जागी गेलेला असतो. माझ्या चुका मात्र घर सोडत नव्हत्या.

याचा अर्थ त्याच्या चुका त्याला गोड वाटतात असा नव्हे. 1970 च्या ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’मध्ये बॉनमच्या ड्रमचे पायडल करकरते, ते सबंध गाणेभर ऐकू येते. चाहत्यांना त्या करकरीचे कोण कौतुक! पेजने मात्र पुढे मुलाखतीत सांगितले, की ती त्याला दर वेळी अधिकाधिक मोठी ऐकू येते. मला हे वाचून विचित्र दिलासा मिळाला. दोष स्वीकारणे म्हणजे तो आवडून घेणे, अशी माझी समजूत होती. तो टोचत राहू शकतो आणि तरीही ठेवलेला असू शकतो.

मेट्रोनोम आता पुन्हा बाहेर आला आहे. रोज वीस मिनिटे, त्या एका जागेवर, पाच तारा गप्प ठेवण्याचा सराव. वयोमानाने करंगळी पूर्वीसारखी ताणली जात नाही, त्यामुळे काही जागा कायमच्या गेल्या. त्यांच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तो विद्यार्थी आता संगणकावर ध्वनिमुद्रण करतो. एखादा आघात केसभर मागेपुढे झाला तर तो पडद्यावरच्या उभ्या रेघेवर ओढून बसवता येतो, आणि बसवला की कुठे होता तेही कळत नाही. प्रत्येक खेप जपून ठेवता येते, काही पुसावे लागत नाही. हे सांगताना त्याला कल्पना नव्हती की तो मला काय सांगतो आहे.

गेल्या महिन्यात न राहवून मी त्या जुन्या मित्राला फोन केला. इतक्या वर्षांनी एकदाचे बोलून टाकावे म्हणून. पहिली खेप पुसायला लावल्याबद्दल माझ्या मनात काय काय साचले आहे ते मी बरेच पाल्हाळ लावून सांगितले. तो शांतपणे ऐकत होता.

“कुठली पहिली खेप?” तो म्हणाला. त्याला आठवत नव्हते. लटकलेला सूर, मोकळी तार, ड्रमवाल्याचे हसू, काहीच नाही. सहावी मात्र आठवत होती. त्याने आयुष्यात एवढे साफ दुसरे काही वाजवले नव्हते, असे म्हणाला. मुलीला अभिमानाने त्याबद्दल सांगतो, पण त्याच्याजवळची कॅसेट बुरशी लागून खराब झाली आहे. माझ्याकडे प्रत असेल तर हवी होती.

प्रत होती. मी ती मागेच संगणकावर उतरवून ठेवली आहे.

“आणि अरे, ती शेवटी जरा किरकिर राहिली होती बघ,” फोन ठेवता ठेवता तो म्हणाला. “आता काढता येते ना ती?”

काढता येते. पडद्यावर शेवटच्या सुराच्या अलीकडे ती एका बारीक काट्यासारखी दिसते. निवडायची आणि पुसायची, दोन मिनिटांचे काम. फाइल अजून पाठवलेली नाही.