शंभरातले चौघे

मी मूळची मिरजेची. आमच्या गावात दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे मी डॉक्टर व्हावं हे घरात जवळपास ठरलेलंच होतं. मला मात्र आजाराच्या मुळाशी काय चाललेलं असतं ते पाहायचं होतं. पुण्यात एम.एस्सी. झाल्यावर मी पीएच.डी.साठी बेंगळुरूला आले. बळ्ळारी रस्त्यावर कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारात एनसीबीएस आणि इनस्टेम या जीवशास्त्राच्या दोन संशोधन संस्था शेजारी-शेजारी आहेत. तिथे मी हृदयाच्या स्नायूवर काम सुरू केलं आणि आजही तेच करते आहे.

आम्ही अभ्यासतो तो आजार म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, रोजच्या बोलण्यात एचसीएम. साधारण पाचशे माणसांत एकाला तो असतो. रक्तदाब नाही, झडपेचा दोष नाही, तरी हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. कित्येकांना आयुष्यभर काही जाणवत नाही. काहींना जिना चढताना दम लागतो, धडधडतं, चक्कर येते. थोड्यांना मात्र ऐन तारुण्यात, खेळता-धावताना अचानक मृत्यू गाठतो. दोष बहुतेकदा स्नायू आकुंचित करणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांत असतो. असा पहिला बदल 1990 मध्ये मायोसिनच्या जनुकात सापडला. आई किंवा वडिलांकडे दोष असेल तर प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते.

सुरुवातीची बरीच माहिती युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांवरून आली. आपल्या रक्तात काय आहे, हे 2009 मध्ये ठळकपणे समोर आलं. पेरुंदुराई धंडपाणी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की एमवायबीपीसी3 या जनुकातली डीएनएची 25 अक्षरं भारतीय उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांमध्ये गळालेली असतात. या लोकांना हृदय निकामी होण्याचा धोका जास्त असतो आणि त्रास बहुधा उतारवयात सुरू होतो. शंभरात चौघं! पुढे धंडपाणी इनस्टेममध्येच आले. तो शोधनिबंध वाचल्यावर माझ्या कामाची दिशा पक्की झाली.

जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा काही रोज मिळत नाही. म्हणून आम्ही रक्तातल्या पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेतो आणि त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवतो. दिवसाआड पेशींचा मीडिया, म्हणजे पोषक द्रव, बदलावा लागतो, मग रविवार असो की दिवाळी. आठ-दहा दिवसांनी डिशच्या एखाद्या कडेला बारीकसा ठिपका आकसतो, सैल पडतो, पुन्हा आकसतो. शेजारचा कन्नड सहकारी 'शुरुवाय्तु!' म्हणत सगळ्यांना बोलावतो. पुढे रंग देऊन पाहिलं, की निरोगी पेशीत प्रथिनांचे पट्टे नुकत्याच नांगरलेल्या रानातल्या तासांसारखे सरळ दिसतात. आजारी पेशीत ते तिरके आणि तुटक असतात. आजार इथे डोळ्यांना दिसतो.

एवढ्या बारकाव्यात शिरून रुग्णाला काय मिळतं, असं लोक विचारतात. 1983 मध्ये जेम्स स्पुडिच आणि मायकेल शीट्झ यांनी नायटेला या शेवाळातल्या अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवरून मायोसिन लावलेले मणी सरकताना पाहिले. ते निव्वळ कुतूहलाचं काम होतं. त्याच वाटेने पुढे कळलं, की एचसीएममध्ये अनेकदा मायोसिनची अ‍ॅक्टिनला ओढणारी डोकी गरजेपेक्षा जास्त संख्येने एकाच वेळी कामाला लागतात. त्यांना आवरणाऱ्या मावाकॅम्टेन या औषधाला अमेरिकेत एप्रिल 2022 मध्ये मान्यता मिळाली. मधे 39 वर्षं गेली. आपल्या त्या 25 अक्षरांचा उलगडा आपल्याच लोकांच्या पेशींतून व्हायचा आहे, आणि तो इथेच व्हायला हवा.

नमुने घेताना एकदा बेळगावकडचे एक गृहस्थ भेटले. संमतिपत्रावर सही करून ते मराठीत म्हणाले, "मॅडम, थोरला गेला. धाकट्याचं तेवढं बघा." मी डॉक्टर नाही, हे त्यांना सांगितलं आणि धाकट्याला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. इकोमध्ये भिंत जाड निघाली. त्याला कसलाही त्रास नव्हता. आता त्याचे उपचार चालू आहेत आणि तो नियमित तपासणीला जातो. माझ्या सगळ्या कामाचा अर्थ मला त्या एका रिपोर्टात दिसतो.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर 'नशीब' म्हणून सोडून देऊ नका. भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी आणि टूडी इको करून घ्या. मुलांची तपासणी एकदा करून भागत नाही, कारण भिंत वाढत्या वयातही जाड होऊ शकते. किती दिवसांनी दाखवायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि एखाद्या संशोधन संस्थेने रक्ताचा नमुना मागितला, तर संमतिपत्र नीट वाचा, शंका विचारा आणि द्या.