लॉन की बोंबील?

'कर्ब अपील' हा शब्द ऐकलाय? नसेल ऐकला तर काही बिघडत नाही. अमेरिकेत घर विकायला काढलं की एजंट सगळ्यात आधी हाच फंडा सांगतो. कर्ब म्हणजे रस्त्याची कड. तिथे गाडी थांबवून पाहणाऱ्याला घर पहिल्या नजरेत आवडलं पाहिजे. म्हणून पुढे हिरवंगार लॉन, कडेने कापलेली झुडपं, दारापर्यंत फरशीची पायवाट. न्यूयॉर्कजवळ १९४७ मध्ये लेव्हिटटाऊन नावाची वसाहत उभी राहायला लागली, तिथे तर दर आठवड्याला गवत कापायचं असा नियमच होता! घरासमोरचं गवत म्हणजे घरमालकाचं कॅरेक्टर सर्टिफिकेट.

हा फंडा आता आमच्या घिवलीपर्यंत पोचलाय.

घिवली म्हणजे बोईसर स्टेशनला उतरून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र जवळच. १९६९ मध्ये ते सुरू झालं, मग एमआयडीसी वाढली, आणि या पट्ट्यातल्या जमिनीला गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही. त्यात बुलेट ट्रेनच्या यादीत बोईसर स्टेशन आलं. जून २०२४ मध्ये केंद्राने वाढवण बंदराला मंजुरी दिली. मच्छीमारांचा विरोध एकीकडे आणि दलालांचे फोन दुसरीकडे. आमच्या घराचा सातबारा पप्पा आणि काका दोघांच्या नावावर. पप्पा आम्हाला घेऊन कधीच विरारला आले, काका-काकी तिथेच राहिले. दादाला मोठा फ्लॅट घ्यायचाय. पुढचं सांगायला नकोच.

तर एक एजंट येऊन घर बघून गेला. घर आवडलं, पण अंगण नाही. 'फ्रंट जरा चकाचक करा. पेव्हर ब्लॉक टाका, थोडं लॉन, दोन पाम. आणि हे सगळं आधी हटवा.'

'हे सगळं' म्हणजे काकीचे बोंबील.

मासळीच्या हंगामात आमच्या अंगणात बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगलेले असतात. एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवलेला, चांदीच्या झालरीसारखे. खाली जवळा आणि करंदी पसरलेली. एका कोपऱ्यात काका जाळं सांधत बसलेले. घरात येणारे पैसे या अंगणातून येतात. काकांच्या गुडघ्याने समुद्र सोडायला लावल्यापासून तर फक्त इथूनच.

मी अंधेरीत एका इंटिरिअर फर्ममध्ये नोकरी करते. साहजिकच घरच्यांनी काम माझ्यावर ढकललं. दादा म्हणाला, 'तू प्रोफेशनल आहेस ना, मग डिझाइन कर.' मी म्हटलं करते, पण क्लायंट कोण? एजंट की काकी?

आधी लॉनचा हिशोब मांडला. गवताला पाणी रोज लागतं आणि ते गोडं लागतं. आमच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, प्यायचं पाणी टँकरने येतं. खाऱ्या वाऱ्याने गवताची टोकं करपतात, ती वेगळीच. मग पेव्हर ब्लॉक. ते मजबूत, दिसायला टापटीप. पण मे महिन्यात अनवाणी पाय ठेवून बघा! शिवाय जवळा फटींत जाऊन बसतो आणि तो नखाने काढत बसायचं कोणी? पूर्ण अंगण सिमेंटने बंद केलं तर पावसाचं पाणी विहिरीकडे मुरायचं ते थेट गटारात जाणार. म्हणजे विहीर आणखी मचूळ.

मग जुनंच बरं का? तसंही नाही. पूर्वी पावसाळा संपला की अंगण खणायचं, नवी माती घालायची, पाणी मारून चोपायची आणि शेणाने सारवायची. फोटोत झक्कास दिसतं. काकीला विचारा. आता शेजारीपाजारी गुरं राहिली नाहीत, शेण विकत आणावं लागतं आणि चोपायला माणसं मिळत नाहीत. मी 'पारंपरिक लुक'बद्दल बोलायला लागले तेव्हा ती हसून म्हणाली, 'पोरी, तुझी कंबर दे, मग सारवते.'

तिला काय हवं होतं? कमरेएवढ्या उंचीचे मांडव. जमिनीवर मासळी वाळवली की तिला रेती लागते, कोंबड्या-मांजरी येतात आणि रोज दहादा वाकावं लागतं. उंचावर जाळी ताणून त्यावर पसरली की खालून-वरून दोन्हीकडून वारा लागतो, मासळी स्वच्छ राहते आणि लवकर वाळते. तिच्या मागणीत 'लुक' हा शब्दच नव्हता.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की मांडवाच्या पुढे उंच हिरवी कड लावू, म्हणजे रस्त्यावरून काही दिसणार नाही. खाऱ्या वाऱ्यात टिकणारी झाडं आहेत की: बोगनवेल, चाफा, जास्वंद, उंडी. कण्हेरही सुंदर टिकते, पण तिचं पान-फूल-खोड सगळं विषारी, खाण्याच्या वस्तूजवळ नकोच. यादी काकीसमोर ठेवली. तिने एकच प्रश्न विचारला, 'आणि वारा कुठून येणार?' बरोबर होतं. आमचं अंगण पश्चिमेला. समुद्राचा वारा अडवला की बोंबील वाळणार नाहीत, कुजतील.

आणि मग तिने जे सांगितलं ते कुठल्याही डिझाइन कोर्समध्ये मी ऐकलं नव्हतं. बोईसर, पालघरहून सुकी मासळी घ्यायला बाया येतात. कोणी पत्ता विचारत नाही. रस्त्यावरून जाताना दांड्यांवर पांढरा माल चकाकताना दिसला की रिक्षा थांबवतात. माल ताजा आहे, रेती नाही, हे लांबूनच कळतं. झाकलं तर कोण थांबणार?

कर्ब अपील म्हणजे दुसरं काय असतं हो?

म्हणून मग जे केलं ते असं. पश्चिमेचा मोठा भाग मांडवांना. सगळे बांबू एका उंचीचे, एका रेषेत, वर एकाच रंगाची निळी जाळी. नुसत्या शिस्तीने अंगण निम्मं नीटनेटकं दिसायला लागलं. मांडवाखाली सिमेंटचा कोबा, उतार बागेकडे, पण मासळी धुतलेलं खारं पाणी वेगळ्या चरातून बाहेर. दारापासून रस्त्यापर्यंत दगडी पायवाट, दोन दगडांमध्ये मातीच. तुळशीवृंदावन होतं तिथेच, त्याला फक्त नवा गेरू. काकांसाठी ओट्याला लागून सावली, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा गावातल्या चार घरांची जाळी त्यांच्याकडे सांधायला येतात. उत्तरेच्या कुंपणावर बोगनवेल, कोपऱ्यात चाफा, पायवाटेच्या कडेला सदाफुली आणि अबोली. पावसाळ्यात मांडव निघाले की त्याच्या बाजूच्या मोकळ्या मातीत तेरडा आणि झेंडू. तेरडा गौरीला, झेंडू दसऱ्याला. एका अंगणाचे दोन सीझन, दोन लुक!

खर्च? एजंटने सांगितलेल्या लॉनवाल्याच्या कोटेशनच्या निम्म्यापेक्षा कमी. बांबू आणि मजुरी गावातलीच.

तुम्ही विचाराल, घराचं काय? एजंट परत येऊन गेला. 'छान केलंय, पण वास आहेच,' म्हणाला. दादाने माझ्याकडे बघितलं. दादावर मी चिडलेली नाही. विरारला वन बीएचकेमध्ये दोन मुलं आणि आई-पप्पा घेऊन राहतोय तो, त्याची गरज खोटी नाही. पप्पांनी दिवाळीपर्यंत वेळ मागितलाय. काकी काही बोलत नाही. तिने सही करायची नाहीये, कागदावर तिचं नावच नाही. तिने फक्त मांडवासाठी आणखी सहा बांबू सांगून ठेवलेत.

मी पप्पांना एक कागद दिलाय. घराला समोरून कोण कोण बघतं, त्याची यादी. एजंट वर्षातून दोनदा. आम्ही सुट्टीला. काकीची गिऱ्हाइकं आठवड्यातून चार दिवस. आणि काका-काकी, रोज. तुमच्याही घराचं, बाल्कनीचं, अगदी सोसायटीच्या गेटचं काही करायला घेतलंत, तर कॅटलॉग उघडण्याआधी ही यादी करा. दहा मिनिटं लागतात. पप्पांनी ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आहे.