वैजापूर ते खुलताबाद : सायकल आणि शिदोरी

सायकलवाल्यांच्या शर्टाला छातीवर खिसा नसतो. तीन खिसे असतात, तेही पाठीमागे, कमरेच्या वर. चालत्या सायकलवर एक हात मागे नेऊन त्यातले काढायचे आणि तोंडात टाकायचे, अशी ती सोय. या तीन खिशांत काय भरायचे, यावर आमच्या घरात गेले दोन हिवाळे बरीच चर्चा झाली आहे.

चर्चेला कारण माझा भाचा. तो आयटीआयला शिकतो आणि रविवारी लांब सायकल चालवतो. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे साडेतेरा तासांत पुरी करायची फेरी, हे त्याचे स्वप्न आहे. शहरातल्या सायकलच्या दुकानात त्यासाठी ‘एनर्जी जेल’ नावाची चिकट पाकिटे मिळतात. एका पाकिटात वीस-पंचवीस ग्रॅम शर्करा आणि किंमत शंभराच्या घरात. दिवसभराच्या फेरीला अशी दहा पाकिटे लागतात. हजार रुपये एका रविवारचे! आयटीआयच्या मुलाने ते आणायचे कुठून? म्हणजे पैसेवाल्यानेच लांब सायकल चालवावी की काय, असा प्रश्न उभा राहिला. उत्तर भाभींच्या स्वयंपाकघरात सापडले, पण ते पुढे येईल. आधी रस्ता.

वैजापूरहून शिऊर, देवगाव रंगारी करत वेरूळ आणि तिथून घाट चढून खुलताबाद, हे अंतर साठेक किलोमीटर. जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास पडते. जांबरगावजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे, पण त्यावर सायकलीला बंदी. ते एका अर्थी बरेच आहे, कारण जुन्या रस्त्यालाच गावे आहेत, हातपंप आहेत, आणि पंक्चर काढून देणारा माणूसही आहे.

जानेवारीत फजरची नमाज पढून आम्ही चौघे निघतो. दारात अम्मींचा ठरलेला हुकूम, “पेट खाली ले को मत जाव.” अम्मींनी शरीरशास्त्र वाचलेले नाही, पण बोलणे शास्त्राला धरून आहे. आपले शरीर स्नायूंत आणि यकृतात शर्करेचा साठा करून ठेवते. तो चार-पाचशे ग्रॅमचा. जोरात सायकल मारली तर दीड-दोन तासांत तळ दिसू लागतो. चरबी सगळ्यांकडे भरपूर असते (माझ्याकडे जरा जास्तच), पण ती मंद आचेचे सरपण आहे. चढावर शर्कराच लागते. म्हणून निघताना एक केळे किंवा दुधात कालवलेली भाकरी, आणि त्यानंतर भूक लागायची वाट न पाहता पाऊण तासाने पहिला घास. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके, हे क्रीडावैद्यकाचे प्रमाण आहे. त्याहून जास्त पोटाला झेपवायचे तर सवय लावावी लागते.

शिऊरपर्यंत रस्ता सोपा. दोन्हीकडे कांदा, मका, वेचून झालेल्या कपाशीची काटके. शिऊरला संत बहिणाबाईंची समाधी आहे आणि पुढच्या देवगाव रंगारीत त्यांचा जन्म झाला. तुकोबांच्या या शिष्येने बालपणीच आई-वडील आणि नवऱ्यासोबत हे गाव सोडले आणि पंढरपूर, रहिमतपूर करत ते कुटुंब कोल्हापूरला पोचले. सारा प्रवास पायी, आणि खाणे लोक देतील ते. आम्ही चौघे खिशात मोजून घास घेऊन त्याच गावातून जातो, तेव्हा हा फरक जाणवतो. ज्याच्याजवळ स्वतःची शिदोरी आहे, तो प्रवासी मोठा सुखी.

देवगावच्या चहाच्या टपरीशी पहिला थांबा. मागच्या हिवाळ्यात भाचा इथपर्यंत नुसत्या पाण्यावर आला होता. खाल्ले तर पोट जड होईल, अशी त्याची समजूत. वेरूळच्या घाटाच्या पायथ्याशी त्याचे हात थरथरू लागले, अंगाला गार घाम सुटला, समोरचा रस्ता लांब लांब जातोय असे तो म्हणू लागला. सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. आपल्याकडे हातपाय गळाले म्हणतात. सावलीत बसवून सहा खजूर आणि साखर-मीठ-पाणी दिले. वीस मिनिटांनी पोरगा उठला आणि पहिला प्रश्न विचारला, “मामू, जेल रहता तो ऐसा नै होता ना?” जेल होते की नव्हते, हा मुद्दाच नव्हता. दोन तास पोटात काही गेले नव्हते, हा होता.

खजुराचे कौतुक आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. इफ्तारला आपण त्यानेच सुरुवात करतो आणि रिकाम्या पोटी तो किती लवकर लागू पडतो, हे प्रत्येक रोजेदाराला ठाऊक आहे. सायकलवर तो त्याच कारणाने चालतो. खजुरात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, आणि आतडी त्यांना वेगवेगळ्या वाटांनी आत घेतात, त्यामुळे एकट्या ग्लुकोजपेक्षा जास्त शर्करा तासाभरात पोचते. बाजारातल्या साध्या, लहान खजुरात सहा-सात ग्रॅम शर्करा मिळते. दर अर्ध्या तासाला चार पुरेत. बिया घरीच काढाव्यात आणि बियांच्या जागी चिमटीभर मीठ भरावे. उन्हात घामाबरोबर मीठ जाते, तेवढे परत येते आणि गोडाचा कंटाळाही येत नाही.

दुसरी वस्तू सातूचे पीठ. जव किंवा गहू भाजून दळायचे आणि पाण्यात कालवायचे. अरबीत ‘सवीक’ म्हणतात ते हेच. खैबरच्या सफरीत सहबा या ठिकाणी अस्रच्या नमाजनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिदोरी मागवली, तेव्हा सवीकशिवाय काहीच आले नाही, तीच भिजवून सर्वांनी खाल्ली, असे हदीसमध्ये आले आहे. आणि हिजरी सन 2 मधल्या एका मोहिमेचे तर नावच ‘गझवा-ए-सवीक’. अबू सुफियानची माणसे पळताना ओझे हलके करायला सवीकच्या थैल्या टाकत गेली, त्यावरून ते पडले. घाट चढताना मला त्या थैल्या नेहमी आठवतात. शिदोरी हवीच, पण पाठीवरचा प्रत्येक छटाक चढावर बोलतो. सातू कोरडा हलका असतो आणि पाणी वाटेत मिळते, हा त्याचा मोठा गुण. डाळे घालून दळला तर प्रथिने वाढतात, पण मग तो जरा जड होतो. तो आम्ही टपरीवरच्या थांब्याला पितो, चढाच्या तोंडाशी नाही.

आता भाभींचा मलिदा. मराठी वर्तमानपत्रांत ‘मलिदा’ नेहमी कोणीतरी लाटलेला असतो, पण आपल्या घरांत तो नियाजच्या ताटात येतो. गरम भाकरी किंवा पोळी कुस्करून गूळ आणि तूप घालून मळायची. वैजापूर बाजरीचा मुलूख, म्हणून थंडीत बाजरीची भाकरी, ऊन वाढले की ज्वारीची. आमचे माप असे: दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या, ऐंशी ग्रॅम गूळ, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ, वेलची. भाकरी गरम असतानाच कुस्करायची, नाहीतर गूळ मिसळत नाही. याचे आठ लाडू होतात आणि एका लाडवात वीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदके. म्हणजे जवळजवळ एक जेल! खर्च दोन-चार रुपये. तूप जास्त घालायचा मोह टाळावा, कारण स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतो. बटर पेपरमध्ये एकेक गुंडाळून ठेवला तर चालत्या सायकलवर एका हाताने उघडतो. लाडू त्याच दिवशी संपवावेत, बाजरी शिळी झाली की कडवट लागते.

एक गोष्ट मात्र भाभींनी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट केली. पहाटे चारला उठून तुमचे लाडू वळणे माझ्याच्याने होणार नाही. ज्याला सायकल चालवायची त्याने भाकरी थापायलाही शिकावे. भाचा शिकला. शनिवारी रात्री तोच मलिदा करतो. भाकरी अजून गोल येत नाही, पण कुस्करायच्या भाकरीला गोलाई कशाला?

शेंगदाण्याची चिक्की मी परतीसाठी ठेवतो. शेंगदाण्यात निम्मे तेल असते, त्यामुळे ताकद उशिरा मिळते, आणि घसा कोरडा असताना ती चावणे म्हणजे शिक्षाच. ढाब्यावरची भजी आणि समोसे घाटाच्या आधी खाऊ नयेत. खुलताबादला पोचल्यावर काय खायचे ते खा.

पाण्याचे महत्त्व खाण्याइतकेच. 1971 च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, तेव्हा सलाईन कमी पडले आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. साखर सोबत असली की आतडी मीठ आणि पाणी झपाट्याने ओढून घेतात, हे त्यामागचे तत्त्व. सायकलवरही तेच लागू पडते. एक लिटर पाणी, साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे, मिठाचा अर्धा सपाट चमचा, वर लिंबू. मीठ अंदाजाने घालू नये. ताशी अर्धा ते पाऊण लिटर, घोट घोट. मराठवाड्याच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात नुसते पाणी पीत राहणे धोक्याचे असते. रमजानात लांबची फेरी नाही, हा घरचा नियम आहे. आणि आमच्यातल्या ज्यांना मधुमेहाची औषधे चालू आहेत, ते डॉक्टरांना विचारून येतात आणि साखरेची पुडी वेगळी बाळगतात, कारण औषध आणि व्यायाम मिळून साखर एकदम खाली आणू शकतात.

वेरूळहून खुलताबादचा चढ चारेक किलोमीटरचाच आहे, पण साठ किलोमीटरच्या शेवटी येतो. वैजापूरपेक्षा खुलताबाद तीनशे मीटरच्या आसपास उंच. चढाआधी दहा मिनिटे अर्धा लाडू आणि दोन घोट, मग खालचा गिअर टाकून बोलता येईल अशा गतीने वर. यंदा भाचा माझ्याआधी पोचला आणि बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या कमानीशी सायकल टेकवून उभा होता.

आम्ही जेवायला गावाबाहेर मलिक अंबरच्या मकबऱ्यापाशी जातो. तिथे गर्दी नसते. 1626 साली वारलेला हा हबशी वजीर हलक्या, चपळ घोडदळाने बलाढ्य मुघल फौजांना जेरीस आणत असे. ओझे आणि शिदोरी यांचा हिशेब त्याला आपल्यापेक्षा नक्कीच चांगला कळत होता. सीताफळाच्या दिवसांत आलो तर इथल्या रस्त्यांवर पाट्या भरून सीताफळे असतात, हिवाळ्यात पेरू. मीठ लावलेला पेरू खाऊन तासभर सावलीत आडवे व्हायचे, जोहर पढायची आणि निघायचे.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी जवळजवळ 4800 किलोमीटरची शर्यत पुरी केली. अशा शर्यतीत मागे मदतीची गाडी आणि माणसे असतात. वैजापूरच्या पोराच्या मागे गाडी नाही, तीन खिसे आहेत.

परतीला थंडीत वारा बहुधा पाठीशी असतो. पावसाळ्यात तोच पश्चिमेचा वारा तोंडावर येतो आणि मग दोन लाडू जास्त लागतात. देवगावला भाच्याने खिसे उलटे करून दाखवले. पाच मलिदे, अठरा खजूर, तीन बाटल्या पाणी संपले होते. उरला होता एक लाडू. तो त्याने टपरीवाल्याच्या मुलाला दिला आणि सायकलवर बसला. वैजापूरला पोचलो तेव्हा मगरिबला अर्धा तास होता.